पुसलेलं सूत

फोटो साफ होऊन घरी आला तेव्हा त्यात माझी बायको रिकाम्या हवेत हात धरून उभी होती.

सुनीलनं, माझ्या मुलानं, तो हौसेनं आणला होता. चांगला दाराएवढा मोठा करून, सोनेरी पट्टीची फ्रेम घालून. त्याच्या आईचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. हिचा तरुणपणाचा फोटो म्हणाल तर एवढा एकच. दुसरा आहे तो आधार कार्डावरचा, त्यात ती कुणावर तरी डाफरल्यासारखी दिसते. तो काही पाहुण्यांसमोर मांडायच्या लायकीचा नाही. म्हणून सुनीलनं हा जुना फोटो हिच्या पत्र्याच्या पेटीतून काढला, स्टुडिओत नेला, डाग घालवले, घडी घालवली. मन चांगलंच होतं त्याचं. पण मी फोटो बघितला आणि विचारलं, "सूत कुठाय?"

"कसलं सूत, नाना?"

"हिच्या हातातलं."

त्यानं फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हातारा झालोय, असं त्याच्या डोळ्यांत सरळ दिसलं. म्हणाला, आईच्या हातात काही नव्हतंच. फोटोवर या कडेपासून त्या कडेपर्यंत एक पांढरा ओरखडा होता, तो काढून टाका असं मीच सांगितलं होतं.

मी त्याला शिव्या दिल्या. खोटं कशाला सांगू. सूनबाई आतून बाहेर आली आणि पुन्हा आत गेली. शिव्या देऊन झाल्यावर मला त्याची दया आली. त्याला काय माहीत? आमच्या घरातला मागाचा खड्डा मुरूम टाकून बुजवला तेव्हा तो रांगत होता. ज्या गल्लीचा तो फोटो आहे, ती गल्ली त्यानं पाहिली ती तिचं कंबरडं मोडल्यावर.

आम्ही साळी. आता गावाच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलंय, कागदावर मीही तेच लिहितो, पण तोंडात नगरच येतं, त्याला इलाज नाही. त्या नगरात आमची विणकरांची गल्ली होती. घरं मातीची, वरती माळवद, दाराला ओटा, आणि घरात शिरल्याबरोबर जमिनीत खड्डा. खड्ड्यात पाय सोडून माणूस बसायचा आणि माग चालवायचा. सकाळी गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की प्रत्येक घराचा आवाज वेगळा यायचा. आडव्या सुताचा धोटा फेकताना आमच्या बापाचा एक ठेका चुकायचा, कारण त्याचा एक खांदा धरलेला होता. खट-खटक, खट, खट-खटक. मी दूध घेऊन येताना त्या चुकलेल्या ठेक्यावरून ओळखायचो की बाप बसलाय कामाला, आता उशीर झाला म्हणून बोलणी खायची.

मागाचं काम घरात, पण साडीचा जन्म रस्त्यावर व्हायचा. त्याला पांजणी म्हणायचे. लुगड्याचं उभं सूत, म्हणजे ताणा, गल्लीत लांबच्या लांब पसरायचा. दोन टोकांना खुंट, मधे बांबूच्या कैच्या, म्हणजे कात्रीसारखे फाकवलेले टेकू, त्यावर कमरेच्या उंचीला ते सूत ताणून धरलेलं. मग त्याला पिठाची खळ पाजायची आणि ओलं असतानाच मोठ्या कुंच्यानं विंचरायचं, पोरीचे केस विंचरावेत तसं. एक माणूस या बाजूनं, एक त्या बाजूनं, दोघांची पावलं बरोबर पडली पाहिजेत. बायका मागून चालायच्या आणि तुटलेले धागे जोडायच्या. सगळं पहाटेचं काम. ऊन तापलं की खळ खडखडीत वाळते आणि सूत काचेसारखं मोडतं. वारा आला तर धागे एकमेकांत घुसतात. पावसाळ्यात ढग बघून लोक खूश व्हायचे तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांची तोंडं उतरलेली असायची.

त्या खळीचा वास आंबूस असायचा. आदल्या रात्रीच्या भाकरीच्या पिठासारखा. कापड बाजारात नवं लुगडं उलगडलं की गिऱ्हाईक नाक लावून म्हणायचं, कोऱ्या कापडाचा वास. तो कापडाचा नसायचा, आमच्या गल्लीचा असायचा.

ताणा पसरला की गल्ली बंद. सायकलवाला असो, पोस्टमन असो, ताण्यावरून पाय टाकून जायचं नाही. वाकायचं आणि खालून जायचं. म्युन्सिपालटीचा एक साहेब एकदा टोपी सांभाळत वाकून गेला होता, ते आम्हा पोरांना वर्षभर पुरलं. कुणाची मयत निघाली तर बाया-माणसं दोन्ही बाजूंना उभी राहायची, कैच्या काढायची आणि अख्खा ताणा हातांवर उचलून डोक्याच्या वर धरायची. खालून तिरडी जायची. कुणी बोलायचं नाही. ती पुढं गेली की सूत पुन्हा कमरेवर आणि कुंचा पुन्हा चालू, कारण खळ वाळत असायची. माझी आई अशीच गेली, आमच्याच ताण्याखालून. बापानं तिला पोचवलं, परत येऊन अंघोळ केली आणि राहिलेलं सूत विंचरायला उभा राहिला. त्याला निष्ठुर म्हणणारे होते. मला आता तो कळतो.

ही लग्न होऊन आली तेव्हाही कुणाचा तरी ताणा लागलेला होता. डोक्याला मुंडावळ्या, अंगावर हिरवं लुगडं, आणि नवरी-नवरदेवानं खाली वाकून सुताखालून जायचं. मी आधी गेलो. ती मात्र थांबली. तिनं बोटानं सूत चाचपलं आणि शेजारच्या सखूवहिनीला हळूच म्हणाली, "खळ पातळ झालीया." येवल्याकडच्या साळ्याची पोर ती. सखूवहिनीनं ते गावभर केलं. नवरी आली आणि उंबरा ओलांडायच्या आधी चूक काढली, असं. पण ताण्याच्या मालकानं दुसऱ्या दिवशी पीठ वाढवलं.

तर असा तो ताणा. तोच सुनीलनं पुसला होता.

मी सांगून टाकलं, हा फोटो भिंतीला लागणार नाही. तो म्हणाला, जुना लावला तर आई कुणाला दिसायची नाही, वीतभर कागद तो, मधोमध आडवी घडी पडलेली, वर बुरशी. मी म्हणालो, यात तरी काय दिसतंय? हात पुढं करून उभी आहे, भीक मागितल्यासारखी. उभ्या जन्मात तिनं कुणापुढं हात केला नाही.

थोड्या वेळानं त्यानं गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाला, "चला."

जाताना मी त्याला मुद्दाम आमच्या जुन्या गल्लीवरून घ्यायला लावलं. आता तिथं गल्ली नाही, रुंद रस्ता आहे. आमच्या दाराच्या जागी मोबाईलची दुकानं, वरच्या मजल्यावर क्लास, जिन्यात पोरांच्या चपलांचा ढीग. कोपऱ्यावर रंगाऱ्याचं घर होतं. तो सूत रंगवायचा आणि उरलेलं पाणी गटारीला सोडायचा. कधी गटार डाळिंबी, कधी हिरवीगार, लग्नसराईत हळदीसारखी पिवळी. शाळेतून येताना गटारीत बघून आम्ही सांगायचो, यंदा कोणत्या लुगड्याला मागणी आहे ते. तिथं आता फरशी टाकलीय. गटार फरशीखालून जाते. कोणत्या रंगाची ते कळायला मार्ग नाही, काळीच असणार.

नळकोंडाळं गेलं. वेस गेली. माळवदं गेली, त्यांच्यावर वाळत घातलेल्या सुताच्या लडी गेल्या. मला त्या घरांचं फार कौतुक नाही हेही सांगतो. भिंतीतून पाझर फुटायचा, विंचू निघायचे, खड्ड्यात बसून बापाच्या पायाला ओल धरली. पण रस्ता हा माणसांनी मिळून वापरायची वस्तू होता. आता तो फक्त जायचा आहे.

सुनीलनं गाडी उभी केली नाही. मागून हॉर्न वाजत होते.

स्टुडिओत कॉम्प्युटरवर नसरीन नावाची बाई बसते. चाळिशीची असेल, चष्मा कपाळावर, समोर अर्धा प्यालेला चहा. फोटो तिनंच साफ केला होता. मला वाटलं होतं आता भांडण होणार. मी तयारीनंच गेलो होतो. पण तिनं सगळं ऐकून घेतलं, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मूळ फोटो पडद्यावर काढला.

"काका, या बांबूंचं मला तेव्हाच नवल वाटलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं मांडव पडलाय का काय. कशालाच टेकू दिल्यासारखे दिसत नाहीत."

तिची पंचाईत खरी होती. फोटो काढणारा ओट्याच्या पायरीवर बसून काढत होता, म्हणून ताणा पसरट न दिसता कडेनं दिसतो, नुसती एक पांढरी रेघ. आणि फोटोची घडीही तशीच आडवी, त्याच रेघेला चिकटून. कुठं सूत आणि कुठं कागदाची चीर, हे मोठं केल्याशिवाय कुणालाच सांगता आलं नसतं. मला खुर्ची दिली. ती फोटो मोठा करत गेली आणि आम्ही एका कडेनं निघालो.

काय सांगू तुम्हाला. मी त्या गल्लीतून पुन्हा चाललो. पहिला रंगाऱ्याचा ओटा, त्यावर पालथी घातलेली घागर. मग खांब, खांबाला बांधलेली शेळी. ती शेळी मला आठवतच नव्हती. मग आमचं दार. मी नसरीनला म्हणालो, या दारावर आता लाकडी सज्जा येईल बघ, नक्षीचा. तिनं वर सरकवलं. सज्जा नव्हता. साधी भिंत, वर गवत उगवलेलं. मी म्हणालो, असणारच, नीट बघ. तिनं नीट बघितलं. नव्हता. कुणाच्या तरी दुसऱ्याच घराचा सज्जा मी इतकी वर्षं आमच्या दारावर चढवून ठेवला होता आणि लोकांना सांगत होतो. सुनील मागे उभा होता, तो हसला. मीही हसलो.

मग माणसं आली. या सखूवहिनी, पदर खोचलेला, तोंड उघडं, म्हणजे कुणाची तरी खोडी काढत असणार. त्या आता बेलापूरला मुलाकडं असतात. हा डाव्या कडेला कुंचा घेऊन पाठमोरा वाकलेला मी. वाकलो तरी पाठ एवढी सरळ होती माझी. आणि उजव्या टोकाला ही.

"हे घडीचं आहे का सुताचं?" नसरीन विचारायची. मी डोळे बारीक करून सांगायचो. सूत असेल तिथं ते कैचीच्या अलीकडं पलीकडं किंचित खाली झोळ खातं, आणि कागदाची चीर सरळ जाते. काही ठिकाणी मी चुकलो, आणि तिनं मला ते मोठं करून दाखवलं, की काका ही चीर आहे, कागदाचा केस निघालाय बघा. एके ठिकाणी आमचं दोघांचंही चाललं नाही. तिथं तिनं तसंच ठेवलं.

हिच्याजवळ आलो तेव्हा नसरीन थांबली. म्हणाली, "काकूंच्या ओठावर पण एक चीर आहे. ही तर काढू ना? चेहरा खराब दिसतोय."

मी म्हणालो, अजून मोठं कर.

ओठावरची ती रेघ खाली येत होती, हनुवटीवरून, हातापर्यंत. ती चीर नव्हती. तुटलेला धागा जोडताना एक टोक दातात धरायचं, दुसरं बोटात, आणि तिसऱ्या बोटानं पीळ द्यायचा, अशी आमच्या बायकांची रीत होती. दातात धागा असला की बोलता यायचं नाही. मी ताण्याच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायचो, पुढं घेऊ का. ती म्हणायची, हं. थांबू का. हंहं. भूक लागली का. त्यावर एक वेगळाच हं होता, वरून खाली येणारा. आमचं लग्नाचं पहिलं वर्ष असंच गेलं. घरात बाप बसलेला, त्याच्यासमोर आम्ही एकमेकांशी बोलायचो नाही, आणि रस्त्यावर हिच्या तोंडात धागा. मला तेवढ्यात सगळं कळायचं.

शेवटच्या महिन्यात दवाखान्यात तिच्या तोंडात नळी होती. नर्स म्हणायची, आजोबा, पाटी देते, त्यांना लिहून दाखवायला सांगा. मी म्हणालो, नको, आमचं चालतंय. पाणी ओठाला लावू का. हं. सुनील येऊन गेला, परत बोलावू का. हंहं. सुनीलला वाटायचं मी मनानं काहीतरी अर्थ लावतोय. मी त्याला कधी समजावलं नाही, कारण त्यातलं काही सांगण्यासारखं नव्हतं असं मला तेव्हा वाटलं.

स्टुडिओत मी ते सांगितलं. नसरीनला सांगत होतो, पण ऐकायचं सुनीलनं होतं. तो पुढं आला, वाकला, पडद्याजवळ तोंड नेलं. बराच वेळ बघत राहिला.

"हे तोंडातलं ठेवा," तो नसरीनला म्हणाला. "चेहरा कसा का दिसेना."

संध्याकाळपर्यंत ते काम चाललं. नसरीननं दुसऱ्यांदा चहा मागवला तो आमच्यासाठीही. घडी गेली, बुरशी गेली, सूत राहिलं. माझ्या कुंच्यापासून निघून कैच्यांवरून झोळ खात, सखूवहिनीच्या पुढून, हिच्या हातापर्यंत. आणि हातातून वर दातापर्यंत तो एक धागा. आता ती कुणापुढं हात पसरून उभी नव्हती.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सूनबाईनं तो फोटो चौरंगावर ठेवला, समोर समई लावली आणि शेवंतीचा जाड हार घातला. गुरुजींचं चालू होतं. तेवढ्यात बेलापूरहून सखूवहिनी आल्या. काठी टेकत टेकत पुढं गेल्या, हात जोडले, मग वाकून फोटो निरखून बघितला. आम्हाला वाटलं आता रडतील.

"अगं बाई," सखूवहिनी म्हणाल्या, "मला जित्तेपनी हार घातलाय की यांनी."

गुरुजी थांबले. सूनबाईचा चेहरा पांढरा पडला. खरंच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. हिचा एकटीचा फोटो असता तर प्रश्न नव्हता, पण हा अख्ख्या गल्लीचा, आणि हार सगळ्यांच्याच गळ्यात पडलेला.

"आन् ह्यो कोन वाकल्याला?" त्यांनी काठीनं दाखवलं. "भाऊजी, तुमी बी? कधी गेलात? मला कळिवलं न्हाई ते."

जमलेली माणसं आधी चपापली, मग एकेक करून हसायला लागली. श्राद्धाला इतकं हसलेलं मी कुठं पाहिलं नाही. सूनबाई हार काढायला धावली आणि तिथंच अडली. आईच्या फोटोचा हार श्राद्धाच्या दिवशी काढायचा तरी कसा? तिनं सुनीलकडं बघितलं. सुनीलनं माझ्याकडं.

मी म्हणालो, काढ. शेवंती सुतावर पडलीय, सगळं झाकून टाकलंय तिनं.

सुनीलनंच पुढं होऊन हार काढला. एक पाकळी काचेला चिकटली होती, ती त्यानं बोटानं टिपून घेतली. हार समईपाशी खाली ठेवला. गुरुजींनी विचारलं, काही हरकत नाही ना? सखूवहिनी म्हणाल्या, माजी हुती ती मिटली. गुरुजींनी पुढचा मंत्र घेतला.

फोटो आता बाहेरच्या खोलीत आहे, दारासमोर. येणारा माणूस आधी तो बघतो, मग माझ्याकडं बघतो, आणि जरा अवघडून विचारतो, वर्ष झालं ना वहिनींना, मग हार नाही घातला फोटोला? मी सुनीलकडं बोट दाखवतो, सांग म्हणतो. तो सांगतो, हे सूत, ही आई, हा धागा तिच्या तोंडात आहे म्हणून ती बोलत नाहीये. कुंच्याच्या जागी ब्रश म्हणतो, ते चालतं मला.

हाराचं मात्र मी स्वतः सांगतो. खळ वाळायच्या आत एवढं सूत तिला जोडून संपवायचंय. कामावरच्या माणसाला हार घालत नाहीत.